पेटीत नसलेली पट्टी

शहापुरात माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानामागे
आठ बाय दहाची खोली.
खिडकीला दोन घोंगड्या खिळ्यांनी ठोकलेल्या,
पंखा बंद, कारण टेपवर तो विमानासारखा यायचा.
तिथं उभी राहून क्लोटिल्डा मस्करेन्हस गायली,
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, सात दुपारी.

एरवी ती कॅम्पातल्या क्लबात, शनिवारी, ब्लूज म्हणायची.
एकदा तिथला स्पीकर बघायला गेलो होतो.
फौजी साहेबांच्या ताटातलं सगळं गार,
एकाचा काटा हवेतच.

मला म्हणाली, "माझ्या आयाची गाणी भरायची आहेत."
आया म्हणजे वडगावची गंगव्वा.
नाटकातली जुनी पदं ती भांडी घासताना म्हणे,
निम्मी मराठीत, निम्मी कानडीत,
आणि आठवत नसेल तिथं नुसतं गुणगुणणं.
क्लोटिल्डानं ते गुणगुणणंही पाठ केलं होतं.

पेटीवर मडिवाळप्पा. पहिल्याच दुपारी त्यानं भाता सोडला.
"बाई, हा गंधार कुठला?
कोमल नव्हं, शुद्ध नव्हं.
माझ्या पेटीत ही पट्टीच न्हाई."
ती हसली. "मग तिथं गप्प बस की."
आणि तो बसला.
नीट ऐकलंत तर कळेल, त्या सुरापाशी पेटी थांबते,
उरतो तिचा श्वास
आणि शेजारच्या घरातला माग, खटक खटक.

नाटकात नायिका जिथं ताना घेत रुसायची
तिथल्या ताना हिनं काढूनच टाकल्या.
एक ओळ. परत तीच ओळ. तिसऱ्यांदा अर्धी.
पहिल्यांदा सांगितल्यासारखी,
दुसऱ्यांदा कुणी ऐकलं नाही म्हणून,
मग आपल्याशीच.
लग्नाच्या थट्टेचं एक पद होतं, लोक टाळ्या वाजवायचे.
तिनं ते इतकं सावकाश घेतलं
की मला तेव्हा कळलं, अख्ख्या पदात
नवरीला कुणी काही विचारलेलंच नाही.

चुकली की म्हणायची, "इन्नोम्मे." परत एकदा.
पाढे चुकले की गंगव्वा असंच म्हणायची म्हणे.
टेपांवर ते अकरा वेळा आहे.
एकही पुसलं नाही मी.

चौथ्या दुपारी गल्लीतून मोर्चा आला.
घोंगड्या काय करणार?
घोषणा ऐकू येतात, शब्द लागत नाहीत.
कुठल्या बाजूचा होता ते मला आठवत नाही,
आणि खरंच आठवत नाही का, ते विचारू नका.
ती थांबली नाही. आवाज खाली नेला,
मोर्च्याच्या पावलांच्याही खाली,
तो कोपऱ्यावर वळला तशी वर आली
विहिरीच्या ओल्या पायऱ्या चढावं तशी, जपून.

परवा उद्यमबागेतला एक पोरगा आला.
"काका, खरखर काढून देतो. फुकट."
एका गाण्याची काढूनही दाखवली.
स्वच्छ झालं. माग गेला, मडिवाळप्पाचा खोकला गेला,
तिच्या आवाजाच्या कडेला जे खरबरीत होतं तेही गेलं,
मशीनला ती खरखरच वाटली असणार.
"कसं झालंय?"
"छान," म्हणालो. "आता पहिल्यासारखं कर."

सातव्या दुपारी शेवटचं गाणं, आणि स्पूल तोकडं.
अंतरा उचलला तोच टेपचं शेपूट सुटून फिरायला लागलं, फट फट फट.
"मॅडम, टेप संपली."
तिनं नुसता हात हलवला, माशी वारावी तसा,
आणि गात राहिली.

तो अंतरा कुठंच नाही.
ती त्याच वर्षी बहिणीकडे नैरोबीला गेली, दोन पत्रं आली.
मडिवाळप्पा गेल्या कार्तिकात.

पोराला हे सांगितलं तर म्हणाला,
"मग तुम्हीच म्हणा की, काका. मी भरतो."
मी घसा खाकरला. डोळे मिटले. चार शब्द बरे गेले.
त्या गंधारापाशी आलो
आणि गप्प बसलो.

पोरानं मशीन बंद केलं नाही.